मीठपाणी आणि बेदाणे

"म्हणजे परीक्षकालाही उत्तर ठाऊक नाही?" मी खाटेवर उभा राहून ओरडलो. "अशी परीक्षा मी उभ्या जन्मात घेतली नाही! घ्या, माझं नाव पहिलं घ्या!"

"गुरुजी, आधी खाली बसा," डॉक्टर सरनोबत म्हणाल्या. वयानं लहान, पण आवाज न चढवता बोलणाऱ्या. एरवी मास्तर म्हणून मला त्यांचा हेवा वाटला असता. पण त्या दिवसांत मला कुणाचाच हेवा वाटत नव्हता. सगळं जग माझंच होतं.

मी बसलो. म्हणजे खाटेच्या कठड्यावर बसलो.

"पुन्हा एकदा सांगते. इंजेक्शनं दोन. आज एक आणि दोन दिवस सोडून दुसरं. एकात औषध आहे, एकात नुसतं मीठपाणी. कुठलं आधी नि कुठलं नंतर, ते मला माहीत नाही, सिस्टरना माहीत नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. औषधालयातल्या एकाच माणसाला ते ठाऊक आहे."

"आणि तो फुटला तर?"

"तर आमची सगळी मेहनत पाण्यात."

"मीठपाण्यात!" मी टाळी वाजवली आणि शेजारच्या खाटेवरचे बाबालाल चाचा दचकून उठले.

"पण औषध आहे तरी कसलं?" हा आवाज पद्मावतीचा, माझ्या बायकोचा. ती पायथ्याशी स्टुलावर, मांडीवर पिशवी धरून बसली होती.

"दुखण्यावरचं आहे, वहिनी. ऑपरेशन झाल्यावर देतात ना, त्यातलं. अफूच्या कुळातलं."

पिशवी तिच्या मांडीवरून घसरली. "अफू? आमच्याकडे चातुर्मासात कांदा घरात येत नाही, आणि तुम्ही ह्यांना अफू देणार?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि पद्मावतीला समजेल असं सावकाश सांगितलं. पळणारं डोकं उतरायला नेहमीच्या गोळ्यांना बरेच दिवस लागतात. हे औषध तासाभरात काही फरक करतं का, एवढंच पाहायचं. याची सवय लागू शकते, म्हणून रोज देण्यासारखं ते नाहीच. एकदा द्यायचं, तेही नजरेखाली, नाडी बघत. आणि नको वाटलं तर आत्ता नाही म्हणा, गुरुजींच्या उपचारात तसूभर फरक पडणार नाही.

"मी दोन्ही दिवस इथंच बसणार," पद्मावती म्हणाली.

"बसा की."

"आणि ह्यांना काही झालं तर मी तुम्हालाच धरणार."

"धरा," डॉक्टर सरनोबत म्हणाल्या. असं आमचं ठरलं.

आता हे सगळं कशापायी, तेही सांगायला हवं. मी, जिनदत्त मगदूम, तासगावच्या बाजूला द्राक्षबागांच्या एका गावात चौथीचा मास्तर. फाल्गुनात माझं डोकं पळायला लागलं. डॉक्टर त्याला उन्माद म्हणत. पद्मावती म्हणायची, "ह्यांचं यंत्र पळतंय." झोप नको, जेवण नको, तोंड मात्र अखंड चालू. मी सगळा वर्ग उचलून नेमगोंडा पाटलांच्या बेदाण्याच्या शेडवर नेला आणि जाळीवर वाळत घातलेल्या मालावर गुणाकार शिकवला. ज्याचं उत्तर बरोबर त्याला ओंजळभर बेदाणे, ज्याचं चुकलं त्याला धीर म्हणून दोन ओंजळी. पोरं हुशार, थोड्याच वेळात सगळीच चुकायला लागली. पाटील काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात मी स्टँडवरच्या एसटीत चढलो, प्रवाशांची पाढ्यांची तोंडी परीक्षा घेतली आणि एकोणीसचा पाढा चुकला म्हणून कंडक्टरला खाली उतरवून अंगठे धरायला लावले. तो मात्र बोलला, आणि थेट वर जाऊन बोलला.

तालुक्याच्या साहेबांनी पद्मावतीला बोलावून सांगितलं, शाळा उघडेपर्यंत गुरुजी ठीक झाले असं डॉक्टर म्हणाले तर वर्ग त्यांचाच. नाहीतर कचेरीत टपालाच्या टेबलावर बसवू, पगार चालू राहील. साहेब माणूस वाईट नव्हता. पण पोरांविना मी म्हणजे काय, हे पद्मावतीला ठाऊक होतं.

आणि त्यात एक मेख होती. असा झटका मला आधीही येऊन गेला होता. तेव्हाच्या गोळ्यांनी मी गप्प झालो खरा, पण जीभ जड झाली, हात थरथरायला लागला. फळ्यावर सरळ रेघ मारायला जावं तर ती ओढ्याकाठच्या पायवाटेसारखी जाई. मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. मीही हसायचो, घरी जाईपर्यंत. शेवटी कुणाला न विचारता त्या गोळ्या मीच बंद केल्या, आणि फिरून मिरजेच्या इस्पितळातल्या या खाटेवर येऊन पडलो. आता त्याच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, थोड्या थोड्या.

पहिलं इंजेक्शन सिस्टर लोंढे यांनी दिलं. तासाभरानं डॉक्टर येणार असं सांगून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या आणि माझ्या मनात लख्ख उजेड पडला. परीक्षा आहे ना? मग आपण पास व्हायचं! आत औषध असो की मीठ, डॉक्टर येतील तेव्हा मी असा गुणी दिसलो पाहिजे की त्यांनी तिथल्या तिथं घरी सोडावं. आणि गुणी पोर कसं दिसतं हे मला कुणी सांगायला हवं?

"हाताची घडी, तोंडावर बोट!" मी वॉर्डाला हुकूम सोडला.

मजा अशी की अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. त्या शब्दांत काय जादू असते कोण जाणे, पण शाळेत गेलेला माणूस कितीही मोठा झाला तरी त्याचं बोट आपसूक ओठावर जातं. कोपऱ्यातल्या पैलवानानं घडी घातली. बाबालाल चाचा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. महिनाभर त्यांनी कुणाशी धड शब्द काढला नव्हता. त्यांनीही पडल्या पडल्या बोट ओठावर ठेवलं. चाचा सतारी बनवायचे. मन खचलं म्हणून त्यांना आणलं होतं.

डॉक्टर आल्या तेव्हा वॉर्डात पंख्याचा तेवढा आवाज होता.

"कसं वाटतंय, गुरुजी?"

मी बोट क्षणभर बाजूला केलं. "बरं." बोट परत जागेवर.

"डोकं पळतंय?"

"नाही." आत तेव्हा एकोणतीसचा पाढा उलटा चालू होता, त्याच्या जोडीला नदीचा उगम, राष्ट्रगीत आणि कंडक्टरची फिर्याद.

"बोलावंसं वाटतंय?"

मी मान हलवली. कपाळावर घाम आला होता, पण चैत्रात मिरजेत कुणाला येत नाही?

डॉक्टरबाईंचा चेहरा असा खुलला की मला त्यांना पेढा द्यावासा वाटला. मी किती शांत आहे त्याचे आकडे तक्त्यात मांडून त्या घाईनं बाहेर गेल्या. पद्मावती माझ्या पायांकडे बघत होती. चादरीखाली माझ्या पायाची बोटं हार्मोनियमवर फिरावीत तशी चालली होती.

दार लागलं आणि मी फुटलो.

त्याच वेळी भेटायला येणाऱ्यांची वेळ झाली. चाचांची बीबी डबा घेऊन आली आणि तिच्या ओढणीला धरून नात, रुबिना. दुसरीतली. डोळे टपोरे, आवाज जवळजवळ नाहीच. बीबीनं सहज म्हटलं, "मास्तर हैं ना तुम्ही? हिला वजाबाकीतला हातचा कळत न्हाई बघा. बाई म्हणत्यात, पोरगी मंद हाय."

"मंद?" मी उडी मारून खाली उतरलो. "जगात एकही पोर मंद नसतं! पद्मावती, बेदाणे काढ!"

पद्मावतीनं घरचे बेदाणे आणले होते. मी भराभरा वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या, एकेका पुडीत दहा. "हे बघ रुबिना, पाच पुड्या आणि दोन सुटे, म्हणजे किती? बावन्न! दादीला सतरा द्यायचे. सतरा म्हणजे काय? एक पुडी आणि सात सुटे! आता सुटे आहेत दोन, सात कुठून देणार? सांग! सांग! नाही येत? सोपं आहे, ही पुडी फोडायची, अशी! झाले बारा! बारातून सात गेले, पाच! राहिले किती? पस्तीस! आलं लक्षात? आता त्र्याऐंशीतून..."

बेदाणे खाटेखाली, चाचांच्या उशीवर, सिस्टरच्या टोपीत. रुबिना बीबीच्या मागे जाऊन लपली होती. मी शिकवतच होतो. ती तिथं नाही, हे मला दिसलंसुद्धा नाही.

पद्मावतीनं खाली बसून एकेक बेदाणा वेचला.

मधले दोन दिवस असेच गेले. डॉक्टर येऊन बघायच्या आणि कोड्यात पडायच्या. पहिल्या दिवशी असा शांत बसलेला माणूस पुन्हा टेबलावर उभा राहून सूर्यमाला कशी शिकवतोय?

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी मी पुन्हा गुणी व्हायचं ठरवलं होतं. सिस्टरनी सुई काढली, नाडी बघितली, मी हाताची घडी घातली आणि वाट बघत बसलो. थोड्या वेळानं जरा गरगरलं, तोंडाला कोरड पडली. पद्मावतीनं घोटभर पाणी दिलं.

आणि मग काय झालं ते मी इतक्या वर्षांनीही एकाच तऱ्हेनं सांगू शकतो. माझ्या डोक्यात एक वर्ग भरला होता. मोठा वर्ग, आणि सगळीच पोरं एकदम हात वर करून "मी सांगू? मी सांगू?" म्हणून ओरडत होती. कितीतरी दिवस. त्यातला एक हात खाली आला. मग दुसरा. कुणी त्यांना दटावलं नाही. आपसूकच ती एकेक करून खाली बसली. मला पंख्याचा आवाज ऐकू आला. चाचांचा श्वास ऐकू आला. हाताची घडी कधी सुटली ते कळलंही नाही.

त्या दिवशी बाहेर गर्दी होती म्हणून डॉक्टर यायला उशीर झाला. नाडी बघायला सिस्टर लोंढे मध्ये मध्ये येऊन जात होत्या. भेटीची वेळ झाली. बीबी आली, रुबिना आली. मला बघून पोरगी दारातच थबकली.

"ये गं," मी म्हटलं. "त्या दिवशी मी फार आरडाओरडा केला, नाही का?"

तिनं मान डोलावली. खरं बोलणारी पोर.

"आज नाही करणार. पुड्या तू बांधतेस का?"

तिनं बीबीकडे पाहिलं, मग जमिनीवर बसकण मारली. एकेक बेदाणा मोजून तिनं पाच पुड्या बांधल्या. वाकड्यातिकड्या, पण दहा म्हणजे दहा. दोन सुटे उरले.

"दादीला सतरा हवेत," मी म्हणालो.

तिनं एक पुडी बीबीच्या ओंजळीत ठेवली. मग दोन सुटे ठेवले. मग थांबली.

मीही थांबलो.

ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. उत्तर तिथून येईल अशी तिला सवय झाली असावी. मी काही बोललो नाही. तिनं उरलेल्या चार पुड्यांकडे पाहिलं. ओंजळीतल्या सुट्या बेदाण्यांकडे पाहिलं. एक पुडी उचलली, खाली ठेवली. बीबी काही सांगायला गेली तर मी हातानं तिला थांबवलं. दारातून चहावाला ओरडत गेला. पैलवान आपली खाट सोडून जवळ येऊन उभा राहिला. चाचा कुशीवर वळले होते, भिंतीकडून आमच्याकडे. पद्मावतीनं पिशवी घट्ट धरली होती.

रुबिनानं पुन्हा तीच पुडी उचलली. कानाशी नेऊन हलवली. मग इतक्या हळू विचारलं, की मला वाकावं लागलं:

"पुडी फोडायची का?"

"तू सांग."

"फोडायची," ती म्हणाली, आणि फोडली.

मी टाळ्या वाजवल्या. पैलवानानं शिट्टी मारली. मी हसलो, मोठ्यानं हसलो, बीबीच्या ओंजळीतले बेदाणे वॉर्डभर वाटा म्हणून सांगितलं, आणि नेमक्या त्या क्षणी डॉक्टर सरनोबत दारात उभ्या राहिल्या.

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मला चार प्रश्न विचारले, मी हसत हसत उत्तरं दिली, त्यांनी आकडे मांडले आणि पद्मावतीला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चाचांच्या खाटेपलीकडे. मला सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. आज काही उपयोग झालेला दिसत नाही. त्या दिवशी बघा कसे शांत होते. आता नेहमीच्या गोळ्याच वाढवू. मागच्या खेपेइतक्या."

"कुठवर वाढवणार?"

"असे शांत होईपर्यंत."

उजवा हात मी नकळत डाव्यात धरला.

"शांत?" पद्मावती म्हणाली. "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही त्यांचे पाय बघितलेत का?"

"पाय?"

"चादरीखाली नाचत होते. शाळा तपासायला साहेब आले की पोरं बसतात तसे बसले होते हे. तुम्ही गेलात आणि खाटेवर चढले. एवढ्या वर्षांत मी ह्यांना तोंडावर बोट ठेवून बसलेलं कधी बघितलेलं नाही. बरे असतात तेव्हासुद्धा बोलतात, हसतात, टाळ्या पिटतात. तो आजार नव्हे, तो स्वभाव आहे. तो घालवायला मी इथं आणलेलं नाही."

"मग आज वेगळं काय झालं?"

पद्मावतीनं रुबिनाकडे बोट केलं. तेवढ्यात खाटेवरून खरखरीत आवाज आला.

"मास्तर थांबला," बाबालाल चाचा म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. "पोरगी इचार करत व्हती तवर थांबला. इतका येळ थांबला की मलाच जवाब सांगावासा वाटला. या अल्ला, म्हटलं, आता कुणीतरी फोडा रे ती पुडी!"

बीबी तोंडाला ओढणी लावून हसायला लागली, आणि मग ती रडते आहे असं कळलं. नवऱ्याचं एवढं लांब बोलणं तिनं महिनाभरानं ऐकलं होतं.

"तेच," पद्मावती म्हणाली. "यंत्र पळत असलं की हे प्रश्न विचारतात नि उत्तरही आपणच देतात. बरे असले की थांबतात. मी लग्न करून आले तेव्हापासून बघते आहे. यांच्या वर्गात सगळ्यांत उशिरा उत्तर देणारं पोर पहिल्या बाकावर असायचं."

डॉक्टर सरनोबत जमिनीवरच्या फोडलेल्या पुडीकडे बघत राहिल्या. त्याही थांबल्या, म्हणा ना.

"मांडलेले आकडे मला बदलता येणार नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या. "आजच्यापुरते ते तसेच राहतील. पण हे मी खाली लिहून ठेवते. आणि गोळ्या वाढवायचं आज राहू दे."

संध्याकाळी औषध उतरलं. डोक्यातले हात पुन्हा एकेक करून वर आले आणि रात्रीच्या जेवणाला मी वॉर्डाला ग्रहणं समजावून दिली. पण पद्मावती त्या दिवशी घरी जाताना गुणगुणत गेली. मी कुठं हरवलेलो नाही, आतच आहे, हे तिनं बघितलं होतं.

प्रयोगातल्या सगळ्या रोग्यांची पाळी झाल्यावर औषधालयातले बंद कागद उघडले. डॉक्टर सरनोबत स्वतः सांगायला आल्या. "गुरुजी, पहिलं मीठपाणी होतं."

"म्हणजे मी मीठपाण्यावर पास झालो होतो!"

"पहिल्या नंबरानं. आणि खऱ्या औषधावर मी तुम्हाला नापास केलं."

"मग तेच औषध द्या ना रोज."

"ते जमणार नाही. सवय लागते म्हटलं होतं ना? आणि एका माणसावरून औषध ठरत नाही, दहांवरूनही नाही. पण मला तुमच्यापुरतं एक कळलं." त्या पद्मावतीकडे वळल्या. "मागच्या खेपेला आम्ही हात थरथरेपर्यंत गोळ्या वाढवल्या, कारण गुरुजी गप्प व्हायची वाट बघत होतो. या खेपेला तुम्ही सांगायचं. हे प्रश्न विचारून थांबायला लागले की त्याच दिवशी मला सांगा. तिथंच गोळी थांबवू. रक्त मात्र वेळोवेळी तपासायचं."

वैशाख संपता संपता पद्मावतीनं तो निरोप दिला. गोळी मागच्यापेक्षा बरीच कमी बसली. शाळा उघडली त्या दिवशी मी फळ्यासमोर उभा राहिलो, खडू घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारली. मुलांना वाटलं, गुरुजी काहीतरी शिकवणार आहेत. मी नुसताच तिच्याकडे बघत उभा होतो.

या गोष्टीला फार वर्षं झाली. गोळी चालू आहे. मधून एखाद्या फाल्गुनात मी जरा जास्तच उल्हासात असतो, सकाळी लवकर उठतो, भाजीवाल्याला दोन गोष्टी जादा सांगतो. मग पद्मावती शेजारच्या घरात जाते आणि तिथलं एखादं पोर माझ्याकडे पाठवून देते. "जा, आजोबांना गणित विचार."

काल आली ती सान्वी, शेजारच्या कोळ्यांची. दुसरीत आहे. हातच्यापाशीच अडली आहे. मी बेदाण्याचा डबा काढला, तिनं पुड्या बांधल्या. मी विचारलं, "आता सात सुटे कुठून देशील?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

सान्वीनं वर बघितलं, खाली बघितलं, वेणीचं टोक तोंडात घातलं. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती एकदाची सुरू होऊन निघूनही गेली. मला ऊन पायरीवरून खाली सरकताना दिसत होतं. सान्वीनं एक पुडी उचलली आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"फोडू?"

"तू सांग."

तिनं फोडली. आत भांडी पुन्हा वाजायला लागली.